आर्टिचोक: निवडण्यापासून ताटापर्यंत आणि तब्येतीपर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आर्टिचोकबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरेचसे स्वयंपाकाचे आहेत, काही तब्येतीचे. तब्येतीच्या प्रश्नांत एक घोळ जवळजवळ दर वेळी दिसतो: कॅप्सूलच्या बाटलीवर छापलेले गुण ताटातल्या भाजीला चिकटवले जातात. कॅप्सूल झाडाच्या पानांच्या अर्काची असते आणि आपण खातो ती त्याच झाडाची कळी. हा फरक डोक्यात पक्का ठेवला की पुढची बरीच उत्तरं सोपी होतात.

१. आर्टिचोक म्हणजे नक्की काय? फळ, फूल की भाजी?

न उमललेलं फूल. सूर्यफुलाच्या कुळातलं हे काटेरी झाड आहे, शास्त्रीय नाव सायनारा कार्डुनक्युलस. माणसाच्या उंचीपर्यंत वाढतं आणि एकदा लावलं की काही वर्षं कळ्या देत राहतं. कळी उमलायच्या आत तोडली तर भाजी. राहू दिली तर तिचं निळसर जांभळं मोठं फूल होतं (त्याबद्दल प्रश्न २४ बघा).

मूळ भूमध्य समुद्राच्या आसपासचं. अरबीतल्या 'अल-खर्शूफ' या शब्दावरून स्पॅनिशमध्ये 'अल्काचोफा' आणि इटालियनमध्ये 'कार्चोफो' झालं, आणि तिथून फिरत फिरत 'आर्टिचोक'. आजही सगळ्यात जास्त पीक इटली, इजिप्त आणि स्पेन याच पट्ट्यात निघतं.

२. जेरुसलेम आर्टिचोक हा याचाच प्रकार आहे का?

नाही. तो सूर्यफुलाच्या एका भाऊबंदाचा कंद आहे, जमिनीखाली वाढतो, दिसायला आल्यासारखा गाठीगाठींचा. मूळचा उत्तर अमेरिकेतला, जेरुसलेमशी काही संबंध नाही. चव थोडी आर्टिचोकच्या गाभ्यासारखी लागते म्हणून हे नाव पडलं. रेसिपीत नुसतं 'आर्टिचोक' लिहिलं असेल तर कळीच समजा. 'चायनीज आर्टिचोक' हे आणखी तिसरंच, पुदिन्याच्या कुळातलं झाड, त्याचेही कंदच खातात.

३. यातलं काय खायचं आणि काय टाकायचं?

चार भाग ओळखता आले की पुरे.

बाहेरची जाड पानं: खरं तर ही फुलाभोवतीची आवरणं, पण स्वयंपाकघरात सगळे पानंच म्हणतात. शिजल्यावर प्रत्येक पानाच्या बुडाशी थोडासा मऊ गर असतो, तेवढा खायचा. उरलेलं पान चिवट असतं.

गाभा: सगळ्यात खाली, वाटीसारखा, भरीव. सगळी मेहनत याच्यासाठी.

केस: गाभ्यावर बसलेला लवीसारखा पुंजका, म्हणजे न उमललेल्या फुलाचे तंतू. हे खायचे नाहीत. विषारी नसतात, पण घशाला टोचतात, अडकतात. लहान मुलांच्या ताटात तर एकही केस जाऊ देऊ नका.

देठ: पुष्कळ जण कापून फेकतात आणि मला त्याची हळहळ वाटते. वरची तंतुमय साल सोलली की आतला फिकट भाग गाभ्याइतकाच चवदार असतो, कारण तो गाभ्याचाच पुढचा भाग आहे.

४. चव कशी असते?

हलकी मातकट, थोडी सुक्या मेव्याकडे झुकणारी, मागे किंचित कडवटपणा आणि शेवटी गोडसर झाक. शतावरीची कोवळी कोंब खाल्ली असतील तर त्याच घराण्यातली चव समजा, फक्त जास्त भरीव. कच्चा आर्टिचोक हाताळल्यावर बोटं बराच वेळ कडू लागतात. हा कडूपणा सायनारोपिक्रिन नावाच्या द्रव्याचा, आणि तो झाडाच्या पानांत कळीपेक्षा कितीतरी जास्त असतो. बोटांना आधी लिंबू चोळून घेतलं की त्रास कमी होतो.

५. चांगला आर्टिचोक कसा ओळखायचा? तपकिरी डाग असले तर घ्यावा का?

हातात घेऊन वजन बघा. आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. पानं एकमेकांवर घट्ट मिटलेली हवीत. कानाजवळ धरून हलकेच दाबा: ताज्या आर्टिचोकची पानं एकमेकांवर घासून करकर वाजतात. आवाज आला नाही, दाबल्यावर लिबलिबीत लागला किंवा पानं फुलासारखी पसरली असतील तर तो जुना किंवा जून. त्यात केस जास्त आणि गर कमी निघतो.

डागांचं मात्र दोन प्रकारे बघावं लागतं. बाहेरच्या पानांवर वरवर तपकिरी पापुद्रे सुटल्यासारखे दिसत असतील आणि कळी घट्ट, जड असेल तर तो थंडीच्या दंवाचा परिणाम असतो. चवीला काही होत नाही, उलट असे आर्टिचोक जास्त गोडसर लागतात असं पिकवणारे सांगतात. पण देठाचं कापलेलं टोक काळं, चिकट झालं असेल किंवा पानांच्या आत काळपटपणा उतरला असेल तर ठेवून द्या.

६. घरी आणल्यावर किती दिवस टिकतो?

न धुता, देठाच्या टोकावर थोडं पाणी शिंपडून, पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवला तर पाच ते सात दिवस. आधी धुऊन ठेवला तर पानांच्या मधे पाणी साचून बुरशी धरते. शिजवलेला झाकून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतो, पण दुसऱ्या दिवसापासून चव उतरते. कच्चा अख्खा फ्रीझरमध्ये टाकू नका, काळा पडतो आणि चव जाते. फ्रीझ करायचाच असेल तर गाभे साफ करून, लिंबाच्या पाण्यात थोडे उकळून, मग.

७. साफ करायची पद्धत नीट सांगाल का?

अख्खा वाफवायचा असेल तर फार करावं लागत नाही. वाहत्या पाण्याखाली पानं बोटांनी उघडत धुवा, मग मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उलटा बुडवून ठेवा. आत एखादा किडा लपलेला असला तर बाहेर येतो. देठ बुडाशी सरळ कापा म्हणजे तो उभा राहील (देठ टाकू नका, प्रश्न ३). वरचा साधारण एक चतुर्थांश भाग दातेरी सुरीने उडवा. उरलेल्या पानांची काटेरी टोकं कात्रीने छाटा. झालं.

नुसता गाभा हवा असेल तर धीर लागतो. बाहेरची पानं एकेक करून खाली ओढत तोडत जा. आतली फिकट पोपटी, जवळजवळ पिवळी पानं दिसायला लागेपर्यंत थांबायचं नाही. पहिल्यांदा करताना 'आता पुरे, किती टाकायचं' असं वाटतं आणि तिथेच चूक होते: एक-दोन हिरवी पानं जरी राहिली तरी ती शिजल्यावर दोरासारखी चावत राहतात. मग वरचा अर्धा भाग कापा, बुडाभोवतीची गडद हिरवी साल सुरीने सफरचंद सोलावं तशी गोल काढा. उभे दोन भाग करा आणि चमच्याच्या कडेने केस खरवडून काढा. चमचा गाभ्याला अगदी चिकटून फिरवला की केस एका पट्टीत सुटून येतात.

मोठ्या आर्टिचोकचा निम्म्याहून बराच जास्त भाग असा निघून जातो. ती या भाजीची रीतच आहे, म्हणून माणशी एक मोठा किंवा तीन-चार छोटे धरून चाला.

८. चिरल्याबरोबर काळा का पडतो?

कापल्यावर आतली फिनॉल गटातली द्रव्यं आणि एक एन्झाइम हवेत एकत्र येतात. सफरचंद कापल्यावर होतं तेच, फक्त इथे फार झपाट्याने. उपाय आंबटाचा: आधीच एका भांड्यात पाणी आणि एका लिंबाचा रस तयार ठेवा, कापलेला प्रत्येक तुकडा लगेच त्यात टाका, आणि पिळलेल्या लिंबाच्या सालीने गाभा चोळत राहा.

भांड्याचंही बघा. लोखंडी कढईत शिजवला तर लोखंडाशी संयोग होऊन गाभा काळा-करडा पडतो, अॅल्युमिनियममध्येही रंग बिघडतो. माझा पहिला आर्टिचोक असाच लोखंडी कढईत शिजला होता. खराब झाला समजून मी तो टाकून दिला, आणि तो खायला अगदी ठीक होता हे खूप नंतर कळलं. स्टीलची सुरी आणि स्टीलचं भांडं वापरा.

९. किती वेळ शिजवायचा आणि शिजला हे कसं कळतं?

वाफवायला मध्यम आर्टिचोकला ३० ते ३५ मिनिटं, मोठ्याला ४५ पर्यंत. प्रेशर कुकरमध्ये प्रेशर धरल्यावर साधारण १० मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये एकच असेल तर थोडं पाणी घालून, झाकून ६ ते ८ मिनिटं. घड्याळापेक्षा पानावर विश्वास ठेवा: मधलं एक पान धरून ओढा. अलगद सुटलं तर शिजला. जोर लावावा लागला तर आणखी पाच मिनिटं.

उकळण्यापेक्षा वाफवणं मला बरं वाटतं. उकळलेल्या आर्टिचोकच्या पानापानांत पाणी भरून राहतं आणि ताटात सांडतं. उकळलाच तर दहा मिनिटं उलटा ठेवून निथळू द्या.

१०. पाहुण्यांसमोर अख्खा आर्टिचोक ठेवला. आता खायचा कसा?

हाताने. बाहेरचं एक पान ओढून काढा. बुडाकडची बाजू, जिथे फिकट गर दिसतो, ती सॉसमध्ये बुडवा. वितळवलेलं लिंबू घातलेलं लोणी किंवा लसणाचं मेयोनेझ चांगलं लागतं, नुसतं ऑलिव्ह तेल आणि मीठही पुरतं. आता पान गराची बाजू खाली करून दातांमध्ये धरा, दात हलके मिटा आणि पान बाहेर ओढा. गर दातांवर खरवडून येतो. उरलेलं पान बाजूच्या रिकाम्या ताटलीत. ही ताटली ठेवायला विसरू नका, कारण खाल्ल्यावर ढीग सुरुवातीच्या आर्टिचोकपेक्षा मोठा दिसतो.

जसजसं आत जाल तसतसा प्रत्येक पानावरचा गर वाढतो. शेवटी कागदासारखी पातळ जांभळट पानं येतात, ती एका मुठीत उपटून टाका. खाली केस दिसतील, ते चमच्याने खरवडा. मग गाभा उरतो, तो सुरीने कापून सावकाश खायचा.

पान अख्खं चावून गिळू नका. त्याचे तंतू पचत नाहीत आणि पोटात चांगलंच दुखू शकतं.

११. डब्यातला, बरणीतला की फ्रोझन? कुठला घ्यावा?

शिजवायच्या पदार्थात फ्रोझन गाभे सगळ्यात सरस: साफ केलेले, मीठ नाही, आंबटपणा जवळजवळ नाही. मिठाच्या पाण्यातल्या डब्यातले गाभे पास्ता, पिझ्झा, डिपसाठी चालतात, पण आधी दोनदा धुवा, मीठ बरंच उतरतं. तेल-मसाल्यात मुरवलेले बरणीतले तसेच सॅलडमध्ये किंवा पावावर घ्या, शिजवायला नकोत, व्हिनेगर सगळ्या पदार्थाचा ताबा घेतं. रक्तदाब असणाऱ्यांनी डबा आणि बरणी दोन्हींचं लेबल वाचावं.

१२. वाफवण्यापलीकडे काय काय करता येतं?

खूप. आर्टिचोकचा स्वयंपाक बघायचा तर आधी रोम बघावं लागतं, आणि रोममध्ये दोन पदार्थांची नावं घेतली जातात.

पहिला 'कार्चोफी आला रोमाना'. आर्टिचोक देठासकट साफ करायचा, मधोमध बोटांनी उघडून बारीक चिरलेला लसूण, पुदिना, पार्सली आणि मीठ भरायचं. मग खोल भांड्यात डोकं खाली, देठ वर असे एकमेकांना टेकून उभे करायचे, ऑलिव्ह तेल आणि पाणी घालायचं, घट्ट झाकून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. पाणी आटून तळाशी तेल आणि रस उरतो, त्यात आर्टिचोक लोण्यासारखा होतो. एकच पदार्थ शिकायचा असेल तर हा शिका.

दुसरा 'कार्चोफी आला जुदिया', रोममधल्या ज्यू वस्तीचा. हा दोनदा तळतात. आधी मध्यम तेलात गाभा मऊ होईपर्यंत, मग बाहेर काढून गार करून पानं फुलासारखी उघडतात आणि कडक तापलेल्या तेलात पुन्हा सोडतात. पानं वेफरसारखी कुरकुरीत, गाभा मलईसारखा. यासाठी रोमानेस्को नावाचा गोल, बिनकाट्याचा, जांभळट आर्टिचोक लागतो, त्यात केस जवळजवळ नसतात. काटेरी जातीवर हा प्रयोग करू नका.

बाकीचे थोडक्यात. तुर्की पद्धतीत गाभ्याच्या वाट्या ऑलिव्ह तेलात गाजर-बटाटा-मटारांबरोबर शिजवून, वर शेपू घालून, गार खातात. ग्रीकांचा लिंबू-शेपूचा प्रकार याच्या अगदी जवळचा. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात 'बारिगूल' म्हणजे वाइन आणि सुगंधी वनस्पतींत शिजवलेले छोटे आर्टिचोक. मोरोक्कोत मटारांबरोबर ताजीन नावाच्या मातीच्या भांड्यात. आणि इटलीचा 'कात्रो स्ताजोनी' पिझ्झा, म्हणजे चार ऋतूंचा पिझ्झा, त्यात वसंत ऋतूचा भाग आर्टिचोकचा.

१३. कच्चा खाता येतो का?

कोवळा असेल तर हो. गाभा आणि आतली फिकट पानं कागदासारखी पातळ चिरा, लगेच लिंबू पिळा, ऑलिव्ह तेल, मीठ आणि वर पार्मेझान चीजचे पापुद्रे. पाच मिनिटांच्या आत खा. मोठा, जून आर्टिचोक कच्चा तुरट लागतो.

१४. 'बेबी आर्टिचोक' म्हणजे लवकर तोडलेला का?

नाही, हा गैरसमज आहे. त्याच झाडावर, खालच्या बाजूला, मोठ्या पानांच्या सावलीत जी कळी येते ती छोटीच राहते. ती पूर्ण वाढलेलीच असते. आत केस तयार झालेले नसतात, म्हणून बाहेरची थोडी पानं काढली की बाकी सगळा खाता येतो. नवशिक्यांनी इथून सुरुवात केली तर प्रश्न ७ मधली निम्मी मेहनत वाचते.

१५. आर्टिचोक खाल्ल्यावर पाणी गोड लागलं. काही बिघडलं का?

काहीही बिघडलेलं नाही. आर्टिचोकमधली सायनारिन आणि क्लोरोजेनिक आम्ल ही द्रव्यं जिभेवर परिणाम करतात आणि त्यामागून घेतलेला पाण्याचा घोट गोड लागतो. १९७२ मध्ये यावर शास्त्रीय निबंधही प्रसिद्ध झाला. सगळ्यांना हा अनुभव येत नाही, म्हणून एकाच टेबलावर एक जण 'गोड' म्हणतो आणि दुसऱ्याला काहीच कळत नाही. वाइनची निवड करणारे आर्टिचोकला घाबरतात ते याच कारणाने. थोड्या वेळात जीभ पूर्ववत होते.

१६. पोषणाच्या दृष्टीने यात आहे काय?

१०० ग्रॅम कच्च्या आर्टिचोकमध्ये साधारण ४७ कॅलरी, ५.४ ग्रॅम तंतू, ३.३ ग्रॅम प्रथिनं, ३७० मिलिग्रॅम पोटॅशियम, ६० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, ६८ मायक्रोग्रॅम फोलेट (एक ब जीवनसत्त्व) आणि जवळपास १२ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. चरबी नावापुरती.

यात सगळ्यात लक्ष द्यावं ते तंतूंवर. इतक्या कमी कॅलरीत इतके तंतू देणाऱ्या भाज्या थोड्या. शिवाय त्यांतला काही भाग इन्युलिनचा. इन्युलिन आपल्याला पचत नाही, ते मोठ्या आतड्यात पोहोचतं आणि तिथल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य होतं. माझ्या मते आर्टिचोक भाजी म्हणून खाण्याचं तब्येतीचं खरं कारण हेच, आणि त्यासाठी कुठल्याही बाटलीची गरज नाही. मात्र लोण्यात बुडवून खाल्ला किंवा दोनदा तळला तर वरचा कॅलरीचा आकडा विसरा.

१७. कोलेस्टेरॉल कमी होतं हे खरं का?

हे संशोधन भाजीवर झालेलं नाही, पानांच्या अर्कावर झालेलं आहे. एका चाचणीत १४३ जणांना सहा आठवडे रोज १८०० मिलिग्रॅम अर्क किंवा तुलनेसाठी औषध नसलेली नकली गोळी दिली. अर्क घेणाऱ्यांचं एकूण कोलेस्टेरॉल १८.५ टक्के उतरलं, नकली गोळीवाल्यांचं ८.६ टक्के. दुसऱ्या एका चाचणीत ७५ जण होते, रोज १२८० मिलिग्रॅम, बारा आठवडे. तिथे घट फक्त ४.२ टक्के होती, तर नकली गोळीच्या गटात १.९ टक्के वाढ. म्हणजे परिणाम दिसतो, पण चाचणीगणिक आकडे इतके वेगळे की त्यावर भिस्त ठेवता येत नाही. वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या तज्ज्ञांनी अशा तीन चाचण्या एकत्र तपासल्या, एकूण २६२ लोक, आणि पुरावा पुरेसा पटणारा नाही असाच निष्कर्ष काढला.

डॉक्टरांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) दिलं असेल तर ते बंद करून अर्काची कॅप्सूल सुरू करू नका. आर्टिचोकची भाजी मात्र खुशाल खा.

१८. लिव्हर 'डिटॉक्स' होतं का? अपचनावर उपयोग होतो का?

शरीरातली घाण बाहेर काढण्याचं काम लिव्हर स्वतःच करतं, त्याला धुऊन काढणारी भाजी नसते. पानांच्या अर्काने पित्त जास्त सुटतं, ही समजूत जुनी आहे आणि तिला आधारही आहे. 'लिव्हर साफ होतं' हा दावा तिच्यावरच चढवलेला आहे.

अपचनाचं उत्तर वेगळं. जेवल्यावर पोट जड होणं, फुगणं अशी तक्रार असलेल्या २४७ जणांवर सहा आठवड्यांची चाचणी झाली, त्यात अर्क घेणाऱ्यांना नकली गोळीपेक्षा जास्त आराम पडला. युरोपियन औषध संस्थेनेही अशा तक्रारींसाठी पानांचा पारंपरिक वापर मान्य केला आहे. पण पोटाच्या तक्रारी दोन आठवड्यांहून जास्त टिकल्या तर आधी तपासणी, मग अर्क.

१९. मला आर्टिचोकने गॅस होतो. पोटाला चांगला म्हणता, मग असं का?

प्रश्न १६ मधलं इन्युलिनच याला कारण. जिवाणू ते खाताना वायू सोडतात. तंतूंची सवय नसेल तर सुरुवातीला अर्धा गाभा खा, मग हळूहळू वाढवा. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम (आतड्यांचा चिवट, पोट बिघडवणारा विकार) असेल तर ताजा आर्टिचोक नक्की त्रास देऊ शकतो. अशांना डब्यातले, पाणी काढून टाकलेले गाभे थोडे कमी जाचतात, कारण इन्युलिन पाण्यात विरघळतं आणि त्याचा काही भाग डब्यातल्या पाण्यात उतरलेला असतो. जेरुसलेम आर्टिचोकमध्ये इन्युलिन याहून कितीतरी जास्त, तेव्हा त्याच्याशी आणखी जपून.

२०. मधुमेह असलेल्यांनी खावा का?

हो. पिष्ट कमी, तंतू भरपूर. काळजी आर्टिचोकची नको, त्याच्याबरोबर येणारा पाव, पास्ता आणि क्रीम मोजा.

२१. कोणी टाळावा किंवा जपून खावा?

पित्ताशयात खडे असतील किंवा पित्तनलिकेत अडथळा असेल तर अर्क अजिबात नको. त्याने पित्त सुटायला लागलं आणि वाट बंद असली तर भयंकर कळा येऊ शकतात. लिव्हरचा आजार असेल तरीही अर्क टाळा. भाजीबद्दल डॉक्टरांना विचारा.

शेवंती, झेंडू, डेझी यांची अॅलर्जी असेल तर सावध राहा. आर्टिचोक त्यांच्याच कुळातला. तोंडाला खाज, ओठांना सूज आली तर लगेच थांबवा.

किडनीच्या आजारात पोटॅशियम मोजून खावं लागत असेल तर प्रश्न १६ मधला आकडा आहारतज्ज्ञांना दाखवा. वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांना भाजीची मनाई नाही, १०० ग्रॅममध्ये के जीवनसत्त्व साधारण १५ मायक्रोग्रॅमच असतं. एक आठवडा रोज आणि पुढचा महिना शून्य, असं मात्र करू नका.

गरोदरपणात शिजवलेली भाजी चालते, फोलेटच्या दृष्टीने चांगलीच. अर्क गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने घेऊ नये, आणि बारा वर्षांखालच्या मुलांनाही देऊ नये.

२२. आर्टिचोकचा चहा आणि दारू असते असं ऐकलं. खरं?

दोन्ही खरं. व्हिएतनाममध्ये, मुख्यतः दा लात भागात, आर्टिचोकचा चहा पिढ्यान्पिढ्या पितात. झाड तिथे फ्रेंचांनी नेलं. इटलीत १९५२ पासून 'चिनार' नावाचं कडवट मद्य मिळतं. चहा सौम्य असतो, रोज एक कप घ्यायला हरकत नाही, पण प्रश्न २१ मधल्या सूचना पानांच्या चहालाही लागू आहेत.

२३. घरी तेलात मुरवून बरणी भरून ठेवू का?

बाहेर ठेवण्यासाठी नाही. हे उत्तर मी दर वेळी ठासून देतो. आर्टिचोक पुरेसा आंबट नसतो आणि तेलाखाली हवा पोहोचत नाही. बोटुलिझमच्या जिवाणूला नेमकं हेच हवं असतं. त्याचं विष जिवावर बेततं, आणि बरणीतून वास, बुडबुडे, रंग यांतलं काहीही न बदलता ते तयार होऊ शकतं. 'वरून तेल घातलंय म्हणजे टिकेल' ही समजूत इथे उलटी पडते. लसूण घातला तर धोका आणखी एका बाजूने वाढतो.

मुरवायचेच असतील तर गाभे व्हिनेगरमध्ये शिजवा, थोडेच करा, पहिल्या मिनिटापासून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. जास्त झाले तर फ्रीझर आहेच. कारखान्यातल्या बरण्या टिकतात त्या आंबटपणा मोजून (पीएच ४.६ च्या खाली) आणि ठरलेल्या तापमानाला प्रक्रिया करून.

२४. कुंडीतल्या आर्टिचोकला फूल उमललं. आता खाता येईल का?

नाही. फूल उमलेपर्यंत गाभा चिवट होतो आणि केसांचंच फूल झालेलं असतं. पुढच्या वेळी पानं मिटलेली असतानाच कळी देठासकट तोडा. मधली मुख्य कळी आधी तोडली की बाजूच्या फांद्यांवर छोट्या कळ्या येतात.

पण ते फूल फेकू नका. फुलदाणीत चांगलं दिसतं, डोकं खाली करून टांगलं तर वाळून रंग धरून राहतं. आणि आर्टिचोकचा रानटी भाऊ कार्डून, त्याच्या अशाच जांभळ्या केसरांच्या पाण्याने पोर्तुगालमध्ये मेंढीच्या दुधाचं विरजण लावतात. सेर्रा दा एस्त्रेला हे चीज त्यावरच होतं, प्राण्याचं रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं दूध गोठवणारं द्रव्य) न घालता. वाळलेले केसर मिठाबरोबर कुटून पाण्यात भिजवतात, गाळतात आणि ते तपकिरी पाणी कोमट दुधात घालतात.

२५. न्यूयॉर्कमध्ये आर्टिचोकवर बंदी होती म्हणे?

होती, डिसेंबर १९३५ मध्ये. छोट्या आर्टिचोकचा सगळा घाऊक व्यापार गुंडांच्या टोळीने ताब्यात घेतला होता आणि भाव फुगवले होते. महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांनी विक्रीच बंद केली. काही दिवसांतच भाव उतरले आणि बंदी उठली. ला गार्डियांना स्वतःला आर्टिचोक फार आवडायचे.